डोळ्यात भरणारं नाणं कसं पारखावं, आणि लेबलावरच्या ताऱ्याचे किती मोजावेत

आमचं घराणं सावंतवाडीच्या सराफांचं. आप्पांच्या पेढीवर तराजूच्या पेटीत वजनांबरोबर एक राजाछाप रुपया असे. बंदा रुपया म्हणजे बरोब्बर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डब्यातले राणीछाप रुपये बाहेर निघत. आई ते चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासून काढी, आणि पूजेच्या पाटावर ते पांढरेशुभ्र लखलखत. लहानपणापासून माझ्या लेखी सुंदर नाणं म्हणजे ते.

लग्नानंतर न्यू जर्सीत आले, इथे नाण्यांचा नाद लागला, आणि आईने दिलेला १८६२ चा रुपया मी मोठ्या हौसेने ग्रेडिंगसाठी, म्हणजे नाणं अस्सल आहे का ते पाहून दर्जाचा अंक देणाऱ्या कंपनीकडे, पाठवला. तो परत आला तो अंकाशिवाय. अस्सल आहे, पण साफ केलेला आहे, एवढंच लेबलावर. मला फार लागलं. नंतर कुणीही कधी न घासलेला, करड्या-सोनेरी छटेचा त्याच साली पडलेला दुसरा रुपया मिळाला, तो आईच्या रुपयाशेजारी दिव्याखाली धरला, आणि तेव्हा कुठे मला दिसलं की चकाकी आणि झळाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परवा पुण्याहून भाचीचा मेसेज आला. तीही आता जमवू लागली आहे. "मावशी, दोन मॉर्गन डॉलर आहेत, दोन्ही १८८१ एस, दोन्ही एमएस ६५. एकाच्या लेबलावर तारा आहे म्हणून विक्रेता त्याचे दीडपट सांगतोय. घेऊ का? आणि हे असले तारेबिरे कंपन्यांनी लावावेत तरी का?" मॉर्गन डॉलर म्हणजे जुनं अमेरिकन चांदीचं नाणं, पुढे स्त्रीचं मुख, मागे गरुड. एस ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण, आणि एमएस ६५ हा न वापरलेल्या नाण्याच्या दर्जाचा अंक. तासभर फोनवर बोललो आम्ही. तिला सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते.

आधी तारा म्हणजे काय ते. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० ची मोजपट्टी मांडली. तिचा जन्मच किमतीतून झाला होता: अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक पट धरली, तर उत्तम नाण्याची सत्तर पट. पुढे पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या १९८६-८७ च्या सुमारास आल्या. त्यांनी हीच पट्टी घेऊन नाणी प्लास्टिकच्या डबीत बंद करायला सुरुवात केली. त्या डबीला स्लॅब म्हणतात. झीज न झालेल्या नाण्याला ६० ते ७० मधला अंक मिळतो. तो देताना पारखी चार गोष्टी पाहतात: अंगावरचे धक्के-ओरखडे, झळाळी, ठसा किती खोल आणि स्वच्छ उठला आहे ते, आणि चौथी गोष्ट आय अपील, म्हणजे नाणं डोळ्यात किती भरतं ते.

एनजीसी यावर आणखी एक तारा देते. अंक तोच, पण त्या अंकाच्या मानाने नाणं विशेष देखणं आहे, असा त्याचा अर्थ. २०१० पासून दोन्ही कंपन्या अंकाला अधिकचं चिन्हही लावतात. ते वेगळं. ६५ अधिक म्हणजे पासष्टांमधलं वरच्या टोकाचं, सहासष्टाच्या उंबरठ्यावरचं नाणं. शिवाय २००७ पासून सीएसी नावाची तिसरी संस्था दुसऱ्यांच्या स्लॅबवर आपला हिरवा किंवा सोनेरी स्टिकर लावू लागली. हिरवा म्हणजे अंक पक्का आहे, सोनेरी म्हणजे अंक कमीच दिलाय. भाचीचा गोंधळ इथेच झाला होता. ती हिरव्या स्टिकरला सौंदर्याचा शिक्का समजत होती.

आता पारख. पहिलं काम म्हणजे लेबल झाकणं. मी पर्समध्ये जाड कागदाची एक पट्टी ठेवते. विक्रेत्याने स्लॅब हातात दिला की पट्टी लेबलावर धरते आणि नाणं पाहून होईपर्यंत काढत नाही. अंक आधी वाचला की डोळा त्या अंकाला साजेसंच शोधत राहतो. मलाही वीस वर्षांनंतर हा मोह आवरत नाही, म्हणून पट्टी.

उजेड एकाच दिव्याचा हवा, जुन्या पिवळ्या बल्बचा किंवा हॅलोजनचा, नाण्यापासून हातभर अंतरावर. बाकीचे दिवे शक्य असेल तर बंद करा. ट्यूबलाइटचा पसरट उजेड झळाळीही झाकतो आणि ओरखडेही झाकतो. प्रदर्शनात टेबलावरचे दिवे बहुतेक पांढरे एलईडी असतात. तिथे मी नि:संकोच सांगते, "तो कोपऱ्यातला दिवा जरा इकडे कराल का?" कुणीही नाही म्हटलेलं नाही. भिंग पाचपटीपेक्षा मोठं नको. दहापटीच्या भिंगाखाली कुठलंही नाणं रस्त्यावर पडलेलं वाटतं. नाणं स्लॅबबाहेर असेल तर फक्त कडेने धरा, खाली मऊ कापड अंथरून.

मग नाणं हळूहळू कलतं करा आणि फिरवा. ठसा मारताना धातू मधून कडेकडे वाहतो, त्याच्या अतिशय बारीक, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं, न घासलेलं चांदीचं नाणं कललं की त्या रेषांवरून उजेडाचा पट्टा पंख्याच्या पात्यासारखा गोल फिरतो. याला मी झळाळी म्हणते. हा पट्टा सलग फिरला पाहिजे. उंच भागावरून, म्हणजे गालावरून, केसांवरून जाताना तो तुटला आणि तिथे करडा डाग दिसला, तर नाणं थोडं का होईना हाताळलं गेलंय.

घासलेल्या नाण्याचं उलट असतं. ते कसंही धरा, सारखंच चमकतं, उजेड फिरत नाही. चिंचेतलं आम्ल वरचा थर खातं आणि रांगोळीची कणी केसासारख्या बारीक रेघा ओढते, त्याही एकाच दिशेला, हात जसा फिरला तशा. आईच्या रुपयावर राणीच्या मुकुटामागे या रेघा अजून दिसतात. इथल्या बाजारात ‘डिप’ नावाचं द्रावण मिळतं, थायोयूरिया आणि आम्लाचं. त्यात एकदा बुडवलं तर जाणत्यालाही कळणं कठीण. पण दर वेळी आऱ्यांच्या त्या रेषा थोड्या विरघळतात, आणि तीनचार वेळा बुडवलेलं नाणं पांढरं असूनही निर्जीव दिसतं. एकच साफसफाई मी मानते: मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं नव्हे, आणि घासणं अजिबात नाही. अॅसिटोन चांदीला धक्का लावत नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा आणि गॅस बंद.

आता रंग. ताऱ्याचा बहुतेक व्यवहार रंगावरच चालतो, म्हणून इथे वेळ घ्या.

चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पैंजण आणि निरांजनं दरवर्षी तेच सांगतात. पण काळं होण्याआधी एक टप्पा असतो, तेव्हा चांदीवरचा सल्फाइडचा थर इतका पातळ असतो की साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. थराची जाडी वाढते तसे रंग क्रमाने बदलतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळट, निळा, मग निळसर-हिरवट, पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि शेवटी कोळशासारखा. मॉर्गन डॉलर तिजोऱ्यांमध्ये कापडी थैल्यांत दशकानुदशकं पडून होते. थैलीच्या कापडाला चिकटलेल्या नाण्यावर मोरपिसासारखे रंग चढले, कधी कापडाच्या विणीचा ठसासुद्धा रंगात उतरला. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यावर कडेकडून आत येणारी रंगाची वर्तुळं दिसतात.

हा क्रम पाठ करा. खरा रंग क्रम सोडत नाही. सोनेरीतून थेट गडद निळ्यात उडी मारलेली दिसली, मधला तांबूस-जांभळा कुठेच नाही, की सावध व्हा. दुसरं, नाण्यावरच्या अक्षरांच्या आणि कोरीव ताऱ्यांच्या अगदी लगत पाहा. जुन्या, सावकाश चढलेल्या रंगात उठावाच्या पायथ्याशी अनेकदा एक बारीक फिकी किनार राहते, कारण तिथे कापड किंवा कागद टेकत नाही. तिसरं म्हणजे रंग कशावर बसलाय. खाली झळाळी जिवंत असेल तर नाणं कलताना उजेडाचा पट्टा रंगांमधून फिरताना दिसतो. घासलेल्या नाण्यावर नंतर चढवलेला रंग वर तरंगल्यासारखा वाटतो, आणि ओरखड्याच्या तळाशीही तोच रंग भरलेला असतो. ओव्हनच्या उष्णतेपासून गंधकाच्या रसायनांपर्यंत लोक काय काय वापरतात. संशयास्पद रंग ही ग्रेडिंग कंपन्यांची अंक नाकारण्याची एक नेहमीची सबब आहे, पण सीमारेषेवरची नाणी कधी एका बाजूला पडतात, कधी दुसऱ्या. तेच नाणं दोनदा पाठवून दोन उत्तरं आलेली माणसं मला माहीत आहेत.

दोन्ही बाजू पाहायला विसरू नका. बाल्टिमोरच्या प्रदर्शनात मी एक ताऱ्याचा डॉलर पाहिला होता. पुढच्या बाजूला गालापर्यंत चढलेला गुलाबी-हिरवा चंद्रकोरीसारखा रंग, आणि मागे साधा पांढरा गरुड. विक्रेत्याने तो अर्थातच रंग वर करून मांडलेला. एका बाजूच्या रंगावर तारा मिळू शकतो, त्यात फसवणूक नाही. पण कुठल्या बाजूमुळे मिळाला हे लेबल सांगत नाही.

ठशाचं थोडक्यात. मॉर्गनमध्ये कानावरचे केस आणि गरुडाची छाती पाहा. सॅन फ्रान्सिस्कोची, विशेषतः १८८१ ची नाणी इथे खणखणीत उठलेली असतात, न्यू ऑर्लीन्सची बरेचदा सपाट. आपल्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती पाहा. १९११ च्या रुपयात त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घ्यावा लागला. शंभरेक वर्षांपूर्वी बाजारातली साधी माणसं हातातला रुपया एवढ्या बारकाईने पाहत होती, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

पाहून झालं की पट्टी न काढता वहीत तीन ओळी लिहा: झळाळी, रंग, ठसा, प्रत्येकी पाचपैकी किती. मग एक किंमत लिहा, या नाण्याला मी स्वतःहून किती देईन. त्यानंतरच लेबल उघडा. तुमचा आकडा विक्रेत्याच्या आकड्याच्या आसपास असेल तर तारा असो वा नसो, घ्या. तारा पाहिल्यावरच आकडा वर सरकला, तर त्या वाढीचे पैसे तुम्ही छापील चिन्हाला देताय.

भाचीला हे करता येणार नव्हतं, तिच्याकडे फक्त फोटो होते. फोटोवर रंगीत नाणं घेणं मी टाळायलाच सांगते. दिवा योग्य कोनात धरला की फिक्या छटाही इंद्रधनुष्यासारख्या दिसतात, आणि हातात आल्यावर नाणं करडं निघतं. तरी घ्यायचंच असेल तर नाणं सावकाश कलवतानाचा व्हिडिओ मागा, साध्या बल्बखाली, दोन्ही बाजूंचा, आणि परत करण्याची मुदत लेखी घ्या. तिने व्हिडिओ मागवला. ताऱ्याच्या डॉलरवर रंग होता, पण उजेडाचा पट्टा गालावर येऊन अडखळत होता. बिनताऱ्याच्या पांढऱ्या डॉलरवर मात्र पट्टा घड्याळाच्या काट्यासारखा सलग फिरला. तिने तो डॉलर घेतला.

आता तिचा दुसरा प्रश्न, कंपन्यांनी हे असले शेरे वाढवावेत का. माझं उत्तर हो आहे, पण आधी एक काम करून. सौंदर्य अंकातून बाहेर काढा.

आज काय होतं? आय अपील हा अंकाच्या चार खांबांपैकी एक आहेच. देखणा रंग असलेल्या चौसष्टाच्या नाण्याला कधीकधी त्या रंगापायीच पासष्ट मिळतात. मग त्याच रंगासाठी तारा मिळतो. घेणारा एकाच मोरपिसाचे दोनदा पैसे देतो, एकदा अंकात आणि एकदा ताऱ्यात. आणि ज्याला रंग आवडतच नाहीत, ज्याला पांढरं नाणं हवंय, त्याला पासष्टाच्या डबीत धक्के खाल्लेलं चौसष्टाचं अंग मिळतं. यावर सौंदर्याच्या तीन-चार पायऱ्या आणखी चढवल्या, एक तारा, दोन तारे, तीन तारे, तर मोजदाद आणखी गढूळ होईल.

योग्य पद्धत एनजीसीकडेच आहे, प्राचीन नाण्यांसाठी. तिथे ठशाला पाचपैकी किती आणि पृष्ठभागाला पाचपैकी किती हे लेबलावर वेगवेगळं छापतात. शिल्प विशेष असेल तर तसा शेरा वेगळा, तारा वेगळा. ग्रीक नाणं घेणाऱ्याला लेबलावरूनच कळतं की ठसा पाच आहे पण पृष्ठभाग तीन. मग डॉलर आणि रुपया घेणाऱ्याला का नको? अंक फक्त झीज आणि धक्क्यांचा असू द्या. झळाळीला वेगळा आकडा द्या, ठशाला वेगळा. आणि तारा दिला तर कशासाठी दिला ते एका शब्दात लिहा: रंग, झळाळी किंवा ठसा, आणि पुढची बाजू की मागची. एवढी जागा लेबलावर नक्की आहे.

याहून एक मोठी अडचण आहे, ती रुपयांच्या बाबतीत मला जास्त टोचते. देखणं कुणाच्या डोळ्यांना? अमेरिकन बाजाराने गेल्या काही दशकांत न घासलेली, रंग चढलेली चांदी उत्तम मानली. आपल्याकडे घराघरांत अजून पांढरं लखलखीत तेच शुभ. मी इथे शिकलेली नजर आता माझी झाली आहे आणि मी तिच्याच बाजूने बोलते, कारण घासण्याने नाण्याचं अंग कायमचं जातं, ते परत येत नाही. पण रंगाची आवड ही आवड आहे. ती बदलते, आणि चांदीही बदलत राहते. प्लास्टिकची डबी हवाबंद नसते. आज ताऱ्याला पात्र असलेला फिकट गुलाबी थर वाईट हवेत, दमट कपाटात आणखी जाड होऊन तपकिरी होऊ शकतो, आणि तारा मात्र लेबलावर तसाच राहतो. म्हणून ताऱ्याच्या लेबलावर तो दिल्याचं वर्ष असावं, असंही मला वाटतं. जुन्या ताऱ्याचं नाणं घेताना मी नेहमी पुन्हा शून्यापासून पाहते.

सराफांचे टाके असलेल्या जुन्या रुपयांबद्दलही हेच. मोगली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवर पारख करताना सराफांनी मारलेल्या छोट्या खुणा असतात. बाजार त्यांना दोष धरतो आणि किंमत उतरवतो. माझ्या डोळ्यांत ती नाणी भरतात. असं नाणं आवडलं तर कमी किमतीत खुशाल घ्या. तुमच्या या आवडीसाठी कुठलीही कंपनी तारा देणार नाही, आणि द्यायला हवा असंही नाही.

भाचीला शेवटी एक जोडी सुचवली, ती तुम्हालाही करून पाहता येईल. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, हिंदुस्थानात लोक नोटा टाकून चांदी मागू लागले. सरकारकडे रुपये पाडायला चांदी उरली नाही. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. वितळलेल्यांत मॉर्गन डॉलर होते. त्यांचे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत पंचम जॉर्जचे रुपये झाले. १९१८ नंतर लगेचच्या सालचा, न घासलेला रुपया आजही फार महाग नाही. तो आणि एक साधा मॉर्गन शेजारीशेजारी एकाच दिव्याखाली ठेवा. डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आहे, रुपयात ९१.७. दोन्ही सावकाश कलवा, उजेडाचा पट्टा कसा फिरतो ते पाहा, कडेला सोनेरी कुठे सुरू होतं ते पाहा. आठवडाभर रोज पाच मिनिटं हे केलंत की कागदाची पट्टी न धरताही लेबलाआधी नाणं दिसू लागेल.

आणि आईचा रुपया मी स्लॅब फोडून बाहेर काढला आहे. तो दिवाळीत पाटावर असतो. आता त्याला मी फक्त कोमट पाण्याने धुते आणि मऊ कापडाने टिपून घेते, घासत नाही.